बालकाची शोधकवृत्ति व निर्णयशक्ति

दरवर्षीं जून महिन्यांत पांचवीचा नवा वर्ग माझ्यापुढें येऊन बसतो आणि पहिल्याच आठवड्यांत तेच ते प्रश्न माझ्या कानीं पडतात. "सर, नवीन पानावर लिहूं काय?" "सर, समास किती सोडूं?" "सर, शीर्षकाखालीं एक रेघ ओढूं कीं दोन?" हे प्रश्न विचारणारीं मुलें मंदबुद्धि असतात असें नव्हे, तीं हुषार व आज्ञाधारकच असतात. रेघ कशी ओढावी हें त्यांस उत्तम ठाऊक असतें. परंतु ती स्वतःच्या मनानें ओढण्याचें धैर्य मात्र त्यांस होत नाहीं.

आतां हींच मुलें दोन-तीन वर्षांचीं असतांना कशीं होतीं, हें त्यांच्या मातांस विचारून पाहावें. डब्याचें झांकण उघडल्यावांचून त्यांस चैन पडत नसे. पिठांत हात घालणें, कुलपांत काडी खुपसणें, बादलींत एकदां चमचा व एकदां पान टाकून कोणतें बुडतें व कोणतें तरंगतें हें दहा वेळां पाहणें, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग असे. त्या वेळीं त्यांनीं कोणाचीहि परवानगी मागितली नाहीं. उलट, नको म्हटलें तर पाठ फिरतांच पुन्हां तेंच केलें! मग मधल्या सात-आठ वर्षांत असें काय घडलें, कीं घर उलथेंपालथें करणारें मूल एक रेघ ओढण्यास भिऊं लागलें? या प्रश्नानें मला पुष्कळ दिवस छळलें आहे. त्याविषयीं जें थोडें वाचावयास मिळालें व जें माझ्या वर्गांत अनुभवास आलें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

आरंभीं दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट करूं. शोध म्हणजे जें ठाऊक नाहीं तें करून पाहणें. आणि निर्णय म्हणजे समोर असलेल्या अनेक मार्गांतून एक निवडून त्यावर पाऊल टाकणें. या दोहोंत सख्य आहे, तशी थोडी ओढाताणहि आहे. बाजारांत आपण नेहमींच्या आंबेवाल्याकडेच गेलों, तर फसगत होत नाहीं. परंतु पलीकडच्या टोपलींत याहून गोड आंबे असतील, तर तें आपणांस कधींच कळत नाहीं. उलट, रोज नव्या टोपलींतला आंबा चाखीत बसणारा मनुष्य उपाशीं घरीं येण्याचा संभव! आयुष्याच्या आरंभीं शोधाचें पारडें जड असावें आणि पुढें हळूहळू निर्णयाचें व्हावें, अशी सृष्टीचीच योजना दिसते. मानवाचें बाल्य इतर प्राण्यांच्या मानानें फार दीर्घ असतें. या काळांत अन्नाची व संरक्षणाची चिंता वडील माणसें वाहतात. म्हणून मुलास चुका करण्याची सवड मिळते. ही सवड हेंच बालपणाचें खरें धन होय.

हें धन मूल कसें खर्च करतें, तें पाहूं. न्यूयॉर्क विद्यापीठांतील कॅरन अडॉल्फ या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं एक ते दीड वर्षाच्या आगेंमागें असलेल्या बालकांचें मोकळेपणीं खेळत असतांना निरीक्षण केलें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीप्रमाणें असें मूल तासाला सरासरी २,३६८ पावलें टाकतें आणि १७ वेळां पडतें! तासांत सतरा वेळां पडून पुन्हां उठणारा प्रौढ मनुष्य आपणांपैकीं कोणी पाहिला आहे काय?

याच बाईंनीं आणखी एक गंमतीचा प्रयोग केला. एक लहानसा उतार तयार करून त्याची तिरीप कमीअधिक करतां येईल अशी सोय केली व बालकांस त्याच्या माथ्यावर ठेविलें. नुकतेंच रांगूं लागलेलें मूल कसलाहि विचार न करतां कड्यासारख्या उतारावरूनहि बेधडक निघतें. त्यास झेलण्यास माणूस जवळ उभाच असतो. परंतु कांहीं आठवडे रांगण्याचा अनुभव झाल्यावर तेंच मूल माथ्याशीं थांबतें, हातानें उतार चांचपतें, आणि झेपेल तर उतरतें, न झेपेल तर उतरत नाहीं. हा त्याच्या आयुष्यांतील एक फार महत्त्वाचा निर्णय होय, आणि तो त्यास कोणी शिकविलेला नसतो. याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. तेंच मूल पायांवर उभें राहून चालूं लागलें म्हणजे पूर्वींचें शहाणपण त्याच्या कामीं येत नाहीं. उतारावरून तें पुन्हां बेधडक निघतें, आणि सर्व धडा त्यास आरंभापासून गिरवावा लागतो. यावरून एक गोष्ट उघड होते. निर्णयशक्ति ही आईबापांनीं हातीं ठेवावयाची वस्तु नव्हे. ती ज्याची त्यानें अनुभवानें मिळवावी लागते, आणि प्रत्येक नव्या कामाकरितां नव्यानें मिळवावी लागते.

निरनिराळ्या देशांत या प्रवासाची तऱ्हा निरनिराळी आहे. केनिया देशांतील किप्सिगिस लोकांत बालकास बसावयास व चालावयास मुद्दाम शिकवितात. जमिनींत लहानसा खळगा करून, भोंवतीं कापडाचा आधार देऊन त्यांत त्यास बसवितात. चार्ल्स सुपर यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत तीं मुलें बसावयास व चालावयास अमेरिकन मुलांपेक्षां सुमारें एक महिना अगोदर शिकत असल्याचें दाखविलें. रांगण्याचा मात्र तेथें सराव देत नाहींत, आणि रांगण्यांत तीं पुढें नव्हतीं. मध्य आफ्रिकेंतील अका नांवाच्या अरण्यवासी लोकांत तर तान्हें मूल चाकू हाताळीत असलें, तरी वडील माणसें तो हिसकावून घेत नाहींत, असें बॅरी ह्युलेट यांनीं लिहून ठेविलें आहे. आपल्या घरीं याचें अनुकरण करावें असें मी मुळींच सुचवीत नाहीं! सांगावयाचें इतकेंच कीं, कोणत्या गोष्टीचा शोध करूं द्यावा व कोणत्या गोष्टीस आडकाठी करावी हें प्रत्येक समाज आपल्या रीतीप्रमाणें ठरवितो, परंतु शोध घेण्याची ओढ मात्र सर्वत्र एकच.

ही ओढ प्रकट होण्यास एक गोष्ट अवश्य लागते, ती म्हणजे पाठीशीं असलेला आधार. मेरी एन्सवर्थ नांवाच्या विदुषी १९५४–५५ सालीं युगांडा देशांत, कंपाला शहराजवळील खेड्यांत, २६ कुटुंबांतील तान्ह्या मुलांचें घरोघर जाऊन निरीक्षण करीत होत्या. त्यांस असें दिसलें कीं, रांगतें मूल आईपासून दूर जातें, एखादी वस्तु उचलतें, मागें वळून आई जागेवर आहे ना हें पाहतें, आणि पुन्हां पुढें सरकतें. मधूनच परत येऊन तिच्या मांडीला हात लावतें व पुन्हां निघतें. आई हें त्याच्या मोहिमेचें ठाणें! ठाणें पक्कें असेल तर मोहीम लांबवर जाते. तें डळमळूं लागलें कीं मूल शोध टाकून आईस बिलगतें. पुढें एन्सवर्थबाईंनीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथेंहि याच गोष्टीचा अभ्यास केला. माया केल्यानें मूल भित्रें होतें, असें समजणाऱ्या पालकांनीं ही गोष्ट ध्यानीं धरावी. ज्यास परत येण्याची जागा आहे, तेंच धीटपणें दूर जातें.

आतां कोणी म्हणेल, मुलांची ही धडपड आंधळी असते. तींतून ज्ञान तें काय मिळणार? याचें उत्तर बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील अॅलिसन गॉपनिक व त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगांत सांपडतें. त्यांनीं एक पेटी केली. तिच्यावर विशिष्ट ठोकळे ठेविले म्हणजे ती उजळते व वाजूं लागते. कोणता ठोकळा पेटी वाजवितो हें ओळखावयाचें. कांहीं वेळां एकच ठोकळा पुरे होई. कांहीं वेळां मात्र दोन ठोकळे एकत्र ठेविल्यावांचून पेटी वाजत नसे. ही दुसरी तऱ्हा आधीं उदाहरणानें दाखविली, तेव्हां चार-पांच वर्षांच्या मुलांनीं ती चटकन उचलली व पुढच्या ठोकळ्यांस लावली. विद्यापीठांत शिकणारे तरुण मात्र "एका कार्यास एकच कारण" हा आपला जुना ग्रह सोडावयास तयार होईनात! हा प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें पेरू देशांतील मुलांवर व अमेरिकेंतील गरीब वस्तींतील मुलांवरहि तो करून पाहिला; २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतांतहि लहान मुलांचें मन असेंच मोकळें आढळलें. म्हणजे ही श्रीमंत घरच्या खेळण्यांची करामत नव्हे.

२०२२ सालचा त्यांचा दुसरा प्रयोग तर आपणां वडील माणसांस विचार करावयास लावणारा आहे. त्यांत कांहीं ठोकळे यंत्रावर ठेविले असतां बक्षीस मिळे, तर कांहींनीं मिळालेलें बक्षीस हातचें जाई. प्रौढांनीं एकदोनदां तोटा सोसला आणि त्यासारख्या दिसणाऱ्या सर्वच ठोकळ्यांस हात लावणें सोडून दिलें. मुलें मात्र करून पाहातच राहिलीं. त्यांचें नुकसान अधिक झालें हें खरें. परंतु कोणता ठोकळा चांगला व कोणता वाईट याचा खरा नियम शेवटीं बहुधा त्यांनाच कळला. प्रौढांनीं आपलें बक्षीस राखलें आणि आपलें अज्ञानहि राखलें! एकदां दुधानें तोंड पोळलें म्हणजे आपण ताक फुंकून पितों. लहान मूल मात्र तें दूध आहे कीं ताक आहे हें चाखून पाहतें.

मग हें मोकळें मन जातें कोठें? येथें मला माझ्याच अपराधाची कथा सांगणें प्राप्त आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी वर्गांत लोहचुंबक घेऊन गेलों. मोठ्या हौसेनें फळ्यावर आकृति काढिली, चुंबक लोखंडास ओढतो व लांकडास ओढीत नाहीं हें सांगितलें, खिळा उचलून दाखविला, आणि मग चुंबक मुलांच्या हातीं दिले. मुलांनीं खिळा उचलून पाहिला, पेन्सिल उचलत नाहीं हेंहि पाहिलें, आणि पांच मिनिटांच्या आंत सर्व चुंबक शिस्तीनें टेबलावर परत आले. पाठ उत्तम झाला असें वाटून मी संतुष्ट झालों. दुसऱ्या वर्षीं मी चुंबक टेबलावर ठेवितों न ठेवितों तोंच मुख्याध्यापकांचें बोलावणें आलें. पाऊण तासानें परत येऊन पाहतों, तों वर्गांत एकच गलका! मुलांनीं कागदाच्या खालून चुंबक फिरवून वर खिळे नाचविले होते. पाण्याच्या पेल्यांतून टांचणी बाहेर काढिली होती. दोन चुंबक एका बाजूनें जवळ येतात व दुसऱ्या बाजूनें दूर पळतात हें शोधून काढिलें होतें. मागच्या बांकावरील एका अबोल मुलानें मला विचारिलें, "सर, चुंबकाला लागलेला खिळा दुसऱ्या खिळ्याला कसा धरून ठेवतो?" दहा महिन्यांत त्यानें विचारिलेला तो पहिला प्रश्न होता, आणि तो मी वर्गांत नसल्यामुळें सुचला होता. त्या दिवशीं घरीं जातांना आदल्या वर्षींच्या वर्गांतील मुलांचे चेहरे एकामागून एक माझ्या डोळ्यांपुढें आले. त्यांच्या हातून किती प्रश्न मीं काढून घेतले असतील, याचा हिशेब मला आजहि करवत नाहीं.

असें कां झालें याचा उलगडा पुढें एका प्रयोगाच्या माहितीनें झाला. अमेरिकेंत एलिझाबेथ बोनाविट्झ व त्यांचे सहकारी यांनीं बालवाडीच्या वयाच्या मुलांकरितां नळ्यांचें एक खेळणें तयार केलें. त्यांत चार करामती लपविल्या होत्या: एक नळी ओढली कीं चूं असा आवाज होई, एकींत दिवा लागे, एकींतून सूर निघत, आणि एकींत आरसा होता. कांहीं मुलांस शिक्षिकेनें मुद्दाम बोलावून "हें पाहा, हें असें चालतें" म्हणून पहिली करामत दाखविली. इतर मुलांस ती जणूं चुकून घडल्यासारखी दिसली, किंवा कांहींच दाखविलें नाहीं. ज्यांस शिकविलें त्यांनीं तीच नळी पुन्हां पुन्हां ओढली, खेळणें लौकर खालीं ठेविलें, आणि उरलेल्या करामती त्यांस कमी सांपडल्या. हा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. मुलें आळशी होतीं म्हणून असें घडलें नाहीं. त्यांनीं मनांत असा विचार केला असला पाहिजे कीं, "बाईंना सर्व ठाऊक आहे, आणखी कांहीं असतें तर त्यांनीं दाखविलेंच असतें." हा विचार तर्कशुद्ध आहे, आणि शिक्षकावरील विश्वासाचा आहे. आमच्या हातून त्या विश्वासाचा गैरवापर होतो, इतकेंच.

मेक्सिको देशांतील युकातान प्रांतांत माया लोकांच्या वस्त्या आहेत. तेथें लहान मुलांस समोर बसवून शिकविण्याची रीत कमी. मुलें वडील माणसांचीं कामें पाहून शिकतात. तेथील दोन वर्षांच्या बालकांवर असाच प्रयोग केला असतां, २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें, मुद्दाम शिकविल्यानंतर त्यांचाहि शोध आंखडला. तात्पर्य, शिकविणाऱ्यावर विश्वास टाकणें हें शाळेनें लावलेलें वळण नव्हे. शाळेचें तोंडहि न पाहिलेल्या बालकांत तें असतें. म्हणूनच शिकविणाऱ्यानें अधिक जपलें पाहिजे.

याचा अर्थ शिकवूं नये असा मात्र नाहीं. शिकविलेली करामत त्या मुलांना पक्की आली, हें विसरतां कामा नये. चूल, विहीर, औषधाची बाटली, विजेचें बटण यांच्या बाबतींत प्रयोग करूं देणें हा मूर्खपणा होय. तेथें स्पष्ट सांगावें व हात धरून दूर करावें. अक्षरें व पाढेहि ज्याचे त्यानें शोधून काढावे, असें कोणी म्हणणार नाहीं. प्रश्न आहे तो वेळेचा: जेथें धोका नाहीं, तेथें आधीं हात व मग शब्द असा क्रम ठेवावा.

निर्णयाविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत वॉल्टर मिशेल यांनीं एक प्रसिद्ध प्रयोग चालविला होता: मुलापुढें एक मिठाई ठेवावयाची व सांगावयाचें कीं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. थांबणें कीं खाणें, हा त्या चिमुकल्या जीवाचा निर्णय. कॅमेरून देशांतील न्सो जमातीच्या शेतकरी घरांतील चार वर्षांच्या मुलांवर व जर्मनींतील मध्यम वर्गाच्या मुलांवर तो करून पाहिला, तेव्हां न्सो मुलांपैकीं शेंकडा सुमारें ७० थांबलीं, तर जर्मन मुलांपैकीं शेंकडा २८; हा वृत्तांत २०१८ चा आहे. २०२२ सालच्या दुसऱ्या एका वृत्तांतांत जपानी मुलें खाद्याकरितां अधिक वेळ थांबलीं, तर अमेरिकन मुलें बांधून ठेवलेली भेट उघडण्याकरितां अधिक वेळ थांबलीं. कारण उघड आहे: जपानी घरीं सर्वांचीं पानें वाढून होईपर्यंत घांस घेत नाहींत, आणि अमेरिकन घरीं नाताळची भेट वेळेपूर्वीं सोडीत नाहींत. म्हणजे संयम हा उपजत गुणाइतकाच घरच्या रीतीचा असतो. २०१३ च्या आणखी एका प्रयोगांत मुलांस आधीं एक वचन दिलें. कांहींच्या बाबतींत तें पाळलें, कांहींच्या बाबतींत मोडलें. ज्यांस दिलेलें वचन पाळलें तीं मिठाईपुढें सरासरी बारा मिनिटें थांबलीं; ज्यांस फसविलें तीं अवघीं तीन! "रडूं नको, उद्यां आणीन" असें सहज म्हणून जाणाऱ्या पालकांनीं या आंकड्यांकडे पाहावें. ज्या घरीं उद्यां कधीं उगवत नाहीं, त्या घरचें मूल आजच खाऊन टाकतें, आणि त्याचा तो निर्णय चुकीचाहि म्हणतां येत नाहीं.

हीं तत्त्वें आचरणांत आणण्यास श्रीमंती साहित्य लागतें, असें कोणी समजूं नये. मारिया माँटेसोरीबाईंनीं १९०७ सालीं आपलें पहिलें बालगृह रोम शहरांतील गरीब वस्तींतच उघडलें होतें. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांजबरोबर भावनगर येथें बालशिक्षणाचें काम केलें, १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामबालशिक्षा केंद्र काढिलें, आणि पुढें तें कोसबाडच्या टेंकडीवर नेलें. तेथें अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें त्यांनीं आदिवासी मुलांकरितां बिया, शिंपले, पानें, खडे अशा फुकट मिळणाऱ्या वस्तूंचें साहित्य बनविलें. गुरें राखावयास जाणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत असें दिसतांच त्यांनीं कुरणशाळा काढून शाळाच कुरणांत नेली. मूल जेथें शोध घेत असतें तेथें शिक्षकानें जावें, हा केवढा मोठा विचार!

पालकहो, आपणांस माझी विनंति इतकीच आहे. मुलास रोज एक तरी लहानसा निर्णय त्याचा त्यास करूं द्या: सदरा निळा कीं पांढरा, आधीं गणित कीं आधीं भूगोल. निर्णय चुकला तर त्याचें फळ त्यास पाहूं द्या; "मी सांगत होतों" हे शब्द मात्र ओठांतच ठेवा. आणि प्रगतिपुस्तकांतील आंकडा पाहण्यापूर्वीं त्यानें आज नवीन काय करून पाहिलें, हें एकदां विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरीं धाकटें भावंड असेल तर पुढच्या रविवारीं अर्धा तास त्याच्याजवळ नुसते बसा. कांहीं शिकवूं नका, फक्त पाहा. तुम्हीहि एकदां असेच होतां. आणि येत्या जूनमध्यें वही उघडल्यावर "सर, नवीन पानावर लिहूं काय?" हा प्रश्न ओठांवर आला, तर क्षणभर थांबून तो स्वतःलाच विचारा. रेघ वांकडी आली तर दुसरी ओढूं. एका तासांत सतरा वेळां पडून तुम्ही चालावयास शिकलां आहां. एक पान बिघडल्यानें तुमचें कांहीं बिघडणार नाहीं. मीहि माझ्याकडून चुंबक टेबलावर ठेवून थोडा वेळ वर्गाबाहेर उभें राहावयास शिकत आहें.